परिपाठाच्या चालीत अमेरिकेची उद्देशिका

खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या लोकरी कोटाचा ओलसर वास आला की इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीच्या विद्यापीठातल्या पहिल्या टर्मचा एक सेमिनार आठवतो. विषय होता अमेरिकेची राज्यघटना. वर्गात आम्ही नऊ जण होतो आणि तीन आठवड्यांत माझ्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आज चांगलं उत्तर दिलं तर नंतर कुणी चहाला चल म्हणेल, अशी मला आशा होती. बाईंनी विचारलं, "घटनेची उद्देशिका कुणी वाचलीय?" मी ताडकन उभा राहिलो आणि गावच्या शाळेत परिपाठाला आपली उद्देशिका म्हणायचो तशी, सावधान स्थितीत, त्यांची अख्खी उद्देशिका न अडखळता म्हटली. शेजारचा कुजबुजला, "मित्रा, बस ना खाली." बाई म्हणाल्या, "छान. पण 'आम्ही लोक' म्हणताना त्यांनी कुणाकुणाला वगळलं होतं? तुला काय वाटतं?" मला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, ते पुस्तकात दिलेलं नाही." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "म्हणून तर तुला विचारतेय," म्हणाल्या आणि वाट पाहत राहिल्या. मी खाली बसलो. चहाला मी एकटाच गेलो. फोनवर आईने विचारलं, "बोललास का रे वर्गात?" म्हटलं, "हो, सगळं पाठ म्हणून दाखवलं." आता मीटिंगमध्ये मी माझं मत मांडतो, ते त्या बाईंमुळेच. बाबा मात्र आल्यागेल्याला अजून त्या पाठांतराचं कौतुक सांगतात, आणि मी पुढचं सांगत नाही.