नारायण पेठेतली पिवळी टर्बो

गाडी जितकी वेगवान, तितकी ती पुण्यात जास्त वेळ उभी राहते. आणि आपण उभे राहिलो की शेजारचा पुणेकर बोलतोच! आमच्याकडे किस्से साठले ते असे.

गाडी माझी नाही. माझ्या बायकोची, मेधाची. मेधा भूलतज्ज्ञ आहे. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये शांतपणे उभी राहून लोकांना झोपवत आली. निवृत्ती जवळ आल्यावर एके सकाळी चहा घेताना म्हणाली, "अहो, मला स्पोर्ट्‌स कार घ्यायचीय. टर्बोवाली." मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. मला फक्त 'टर्बो' नपुंसकलिंगी की पुल्लिंगी, एवढाच प्रश्न पडला.

शोरूममधला तरुण सगळं मला समजावून सांगत होता. "सर, चारशे हॉर्सपॉवर! टर्बो लागला ना सर, की गाडी अक्षरशः उडते!"

मी म्हटलं, "मला सायकलसुद्धा येत नाही."

तो गोंधळला, मग हसून मेधाकडे वळला. "मॅडम, आपण कलर सिलेक्ट करणार का?"

मेधा म्हणाली, "मला इंजिन दाखवा. रंग यांना दाखवा."

म्हणून गाडी पिवळी आहे. जेजुरीच्या भंडाऱ्यासारखी. ती निवड माझी!

*

आमच्या इमारतीत गाडी आली त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे साने पाहणीला उतरले. हात मागे बांधून त्यांनी एक प्रदक्षिणा घातली.

"मागे सीट?"

"नाही," मी म्हटलं.

"डिकी?"

"एक बॅग मावते. छोटी."

"टपावर कॅरिअर?"

"छे हो!"

सान्यांनी वाकून गाडीच्या पोटाखालीही बघितलं. मग म्हणाले, "बर्वे, मग हे चारशे घोडे ओढतात काय?"

*

या गाडीचं पोट जमिनीला लागतं. आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर म्हणजे लहानसहान टेकड्याच! म्हणून आमची एक पद्धत ठरली. मोठा स्पीडब्रेकर आला की मी उतरायचं, मेधाने हलकी झालेली गाडी तिरकी करून अलगद पलीकडे न्यायची, मग मी चालत जाऊन परत बसायचं.

एकदा मी असाच उतरलो. दार जरा जोरात लागलं. गाडी पुढे गेली आणि मी छत्री घेऊन मागून चालतोय. तेवढ्यात स्कूटरवरचं एक जोडपं माझ्याशेजारी थांबलं. त्यातल्या बाई फार कळवळून म्हणाल्या, "काका, जाऊ द्या हो. या वयात कसलं भांडण? सॉरी म्हणा आणि बसा!"

त्यांना स्पीडब्रेकर समजावून सांगण्यापेक्षा सॉरी म्हणणं सोपं होतं. मी गाडीजवळ जाऊन मोठ्याने "सॉरी" म्हटलं. मेधाने काच खाली केली. "कशाबद्दल?"

स्कूटरवरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघ, बिचाऱ्याला अजून माफ केलेलं नाही!"

*

मंडईजवळ एकदा पुढे टेम्पो, मागे टेम्पो, असे अडकलो. रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली पोत्यावर बसली होती. आमची सीट इतकी खाली, की मेधाचे डोळे आणि तिचे डोळे बरोबर एका रेषेत! मेधाने बसल्या जागी मेथीचा भाव विचारला.

भाजीवाली खूश झाली. म्हणाली, "ताई, गाडीवाले सगळे वरून बोलतात. पहिल्यांदाच कोणीतरी बरोबरीने बोललं."

"मग भाव कमी करा की!"

"बरोबरीच्या माणसाला कसला कमी भाव?"

जुडी काचेतून माझ्या मांडीवर येऊन पडली. पूर्ण भावाने.

*

सिग्नलला तर दर आठवड्याला कोणीतरी आव्हान देतं. परवा शेजारी एक तरुण होता. गाडीला मोठा सायलेन्सर, डोळ्यांवर गॉगल. आमच्याकडे बघत घुर्र-घुर्र करत होता. हिरवा दिवा लागला आणि तो सुसाट सुटला. एक रिक्षा थोडक्यात वाचली. मेधा आपल्या नेहमीच्या चालीने निघाली. पुढच्या सिग्नलला तो उभाच होता!

"काय मॅडम? एवढी पॉवर असून घाबरलात?"

मेधा म्हणाली, "अरे, माझं काम लोकांना झोपवायचं आणि परत उठवायचं. तू त्यातलं अर्धंच करायला निघालायस."

त्याने गॉगल काढला. दिवा हिरवा झाल्यावर हाताने खूण करून म्हणाला, "तुम्ही आधी."

*

मेधाची कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणजे डॉ. नसरीन तांबोळी, बाळंतपणं करणारी. तिच्या अम्मींनी ऐंशी ओलांडली आहे. एका रविवारी त्या मेधाला म्हणाल्या, "सगळे टर्बो टर्बो करतात. मला दाखव तरी, काय असतं ते."

मेधाने त्यांना गावाबाहेर नेलं. सरळ, रिकामा रस्ता बघून म्हणाली, "अम्मी, डोकं सीटला टेकवा." आणि पाय दाबला. पहिल्यांदा क्षणभर काहीच होत नाही. मग कोणीतरी पाठीमागून उचलून फेकावं तशी गाडी सुटते!

मेधाने वेग कमी करून अम्मींकडे पाहिलं. तिला काळजी वाटली.

"अम्मी, ठीक आहात ना?"

"बेटा, गाडी मागे घे."

"भीती वाटली?"

"नाही गं. मी डोळे मिटले होते. आता उघडे ठेवते."

*

मागच्या हिवाळ्यात सकाळी सकाळी नसरीनचा फोन आला. लोणी काळभोरच्या एका छोट्या दवाखान्यातून. "मेधा, बाळाचे ठोके मंदावतायत. लगेच सिझर करायला हवं. इथले भूल देणारे डॉक्टर तापाने पडलेत. येतेस?"

मेधाने चहाचा कप तसाच ठेवला. फोन धरायला म्हणून मीही शेजारी बसलो. हडपसरपर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीने सरकत होती. मेधाने एकदाही हॉर्न वाजवला नाही. फक्त स्टीअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. नसरीन फोनवर ठोके सांगत होती. आकडा उतरत होता.

मग रस्ता मोकळा झाला. मेधाने माझ्याकडे पाहिलं. एरवी काटा जरा वर गेला की मी आरडाओरडा करतो. त्या दिवशी मीच म्हटलं, "जा."

दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून ती आत पळाली. दारही लावलं नाही. पायरीवर बाळंतपणाला आलेल्या मुलीची सासू बसली होती, तोंडात पदर धरून. मी तिच्याशेजारी बसलो.

थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण चिडलेला! आजीबाईंनी माझा हात गच्च धरला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत. आजी, कोरडी दुपटी द्या!"

आजीबाई गाठोडं घेऊन उठल्या. टाके घालून झाल्यावर मी आत मेधाला शोधायला गेलो. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे भरलेले. आम्ही बाहेर आलो.

बाहेर पाहतो तो काय, भंडाऱ्यासारख्या पिवळ्या बॉनेटवर ओळीने दुपटी, टोपडी आणि लंगोट वाळत घातलेले!

"आजी, अहो हे काय?" मी ओरडलो.

"काय करू दादा? कळा अवचित आल्या. कापडं समदी वलीच बांधून आणली. ऊन अजून न्हाई. गाडी गरम लागली, म्हनलं वाया कशाला घालवायची?"

मी मेधाकडे पाहिलं. ती पुढे झाली. एक दुपटं उचलून तिने हातात दाबून बघितलं. मग गाडीत बसून इंजिन चालू केलं आणि काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली,

"आजी, मोठं दुपटं डाव्या बाजूला टाका. टर्बो तिकडे आहे."