पाठीवर नाव असलेलं घड्याळ

"काका, परत वर गेलं हो," सुजाता म्हणाली. त्या रविवारी दुपारी तिचे इतके फोन आले होते की मी मोजणं सोडून दिलं होतं.

डोळ्यावरचं भिंग काढलं, समोरचं उघडं घड्याळ वाटीनं झाकलं आणि कॉम्प्युटरकडं वळलो. स्क्रीनवर तिच्या वडिलांचं घड्याळ होतं. लिलाव संपायला तासाभराचा अवकाश होता आणि बोली अशा आकड्याला पोचली होती, की तेवढ्या पैशांत मी तिला तसली चार घड्याळं साफसूफ करून, वर पट्टे घालून दिली असती. पण तिला चार नको होती. हेच पाहिजे होतं.

गुलमंडीच्या मागं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. लोक आता वेळ मोबाइलमध्ये बघतात, त्यामुळं दुरुस्तीवर दुकान चालत नाही. म्हणून गेली काही वर्षं मी लोकांसाठी ऑनलाइन लिलावात जुनी घड्याळं घेतो आणि विकतो. दुरुस्तीत फक्त घड्याळ समोर असतं. या धंद्यात माणसं असतात आणि ती फोन करतात. खरं सांगायचं तर मला याचा कंटाळा आलाय.

सुजाता साळवे वैजापूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचे वडील इथंच शहरात पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. रिटायर झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना घड्याळ दिलं आणि पाठीमागच्या झाकणावर त्यांचं नाव कोरून घेतलं. जाण्याआधी वडील म्हणाले, हे घड्याळ सुजाताला द्या. पण द्यायचं राहून गेलं. पुढं तिच्या भावानं, मिलिंदनं, घर बदललं. बदलताना एक जुनी पत्र्याची पेटी न उघडताच भंगारवाल्याला दिली. घड्याळ त्या पेटीत होतं. तेव्हापासून बहीण-भाऊ बोलत नाहीत. हे सगळं तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी फक्त घड्याळ कोणत्या कंपनीचं, एवढंच विचारलं होतं.

ती रोज ड्यूटी संपल्यावर फोनवर लिलावाच्या साइट धुंडाळत बसायची. आणि एक दिवस घड्याळ सापडलं. फोटोत पाठीवर वडिलांचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. खाली विकणाऱ्यानं लिहिलं होतं, मागचं नाव घासून, पॉलिश करून पाठवू.

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पाठीवर परक्याचं नाव असलं की घड्याळाची किंमत पडते. जुनी घड्याळं जमवणाऱ्याला दुसऱ्याच्या बापाचं नाव मनगटाला कशाला लागतंय. म्हणूनच मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की हे स्वस्तात मिळेल, निवांत राहा.

तिला दोन-चार गोष्टी समजावल्या होत्या, सगळ्यांना समजावतो तशाच. डायल फार चकाचक दिसत असेल तर संशय घ्यायचा. बहुधा ती नंतर रंगवलेली असते. मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागायचा. तो देत नसेल तर पुढं जायचं. घड्याळ चालतंय याचा व्हिडिओ मागायचा, नुसता शब्द घ्यायचा नाही. तिनं एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न टाकला, सेकंदकाटा चालतो का? मला जरा हसू आलं. लोक मशीन विचारतात, डायल विचारतात. सेकंदकाट्याचं कुणी विचारत नाही. उत्तर आलं, चालतो, पण मध्येच अडकतो.

आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तीच तिनं ऐकली नाही. या साइटवर कमाल बोली नावाचा प्रकार आहे. जास्तीत जास्त किती द्यायची तयारी आहे तो आकडा तुम्ही गुपचूप टाकून ठेवायचा. दुसऱ्या कुणी बोली वाढवली की साइट तुमच्या वतीनं एक पायरी वर जाते. समोरच्याला तुमचा आकडा दिसत नाही. तो जेवढं ढकलेल तेवढी किंमत चढते आणि ती तुम्हाला भरावी लागते. म्हणून मोठा आकडा शेवटच्या मिनिटाला टाकायचा. हिनं पहिल्याच दिवशी, जेवायच्या सुट्टीत, भीतीपोटी टाकून दिला. किती टाकला ते ऐकून मी डोकं धरलं. आणि एकदा टाकलेली बोली तिथं मागं घेता येत नाही.

"काका, हा विकणाऱ्याचाच माणूस असंल," ती फोनवर म्हणाली. "मुद्दाम चढवायलाय."

शंका बरोबर होती. असं चालतं. विकणारा मित्राला बसवतो, मित्र थोडंथोडं ढकलत राहतो. मी बोलींची यादी उघडली. नाव झाकलेलं होतं. खातं नवीन, यापूर्वी कशावर एकही बोली नाही. थोडं वाढवायचा, थांबायचा, परत वाढवायचा. लक्षणं सगळी तीच. पण मनातून काहीतरी पटत नव्हतं. भाड्याचा माणूस इतका वर येत नाही. घड्याळ आपल्याच गळ्यात पडेल याची त्याला भीती असते. हा मात्र दुप्पट झालं तरी मागं हटत नव्हता. आणि खरं गिऱ्हाईक असेल, तर पाठीवर नाव असलेल्या साध्या घड्याळासाठी एवढी मारामारी कोण करेल?

मग मी पान खाली सरकवलं. तिथं गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न सगळ्यांना दिसतात. सुजाताच्या प्रश्नाखाली आता आणखी एक आला होता. मी तो तिला वाचून दाखवला. "मागचं नाव घासू नका. आहे तसं पाठवा."

"हे तुम्ही लिहिलं का?"

"नाय. मी काट्याचंच विचारलं होतं."

पलीकडून वॉर्डातला आवाज येत होता, कुणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्या वडिलांचं नाव तुमच्या घराबाहेरच्या कुणाला लागणार?"

"दादा असंल," ती शेवटी म्हणाली. "पण मी नाय फोन करणार त्याला. त्यानं एकदा तरी केला का?"

मी खरोखर दमलो होतो. समोर दुसऱ्याचं घड्याळ उघडं पडलेलं, सकाळपासून हेच चाललेलं. जरा जोरातच बोललो. तिला सांगितलं की तुमचा आकडा त्याला दिसत नाही. त्याला वाटतंय, अजून थोडं ढकललं की समोरचा पळेल. तुम्ही पळू शकत नाही, कारण तुमची बोली आत अडकलीय. तो जितका वेळ ढकलेल तितका तुमचाच पगार जाईल. हे थांबवणारं बटण माझ्याकडं नाही, साइटकडं नाही. ते तुमच्या फोनमध्ये आहे, भावाच्या नावानं सेव्ह केलेलं असेल.

तिनं फोन ठेवला. रागावली असावी.

मी दुरुस्तीला बसलो, पण लक्ष लागेना. मधूनच स्क्रीन बघायचो. एकदा किंमत वाढली. थोड्या वेळानं परत वाढली. आता मलाच भावाचा राग यायला लागला होता, त्याला मी कधी पाहिलंही नव्हतं तरी. मग किंमत थांबली. मी चहा मागवला, तो गार झाला, तरी आकडा हलला नाही. शेवटची मिनिटं म्हणजे खरी झोंबाझोंबी असते. या लिलावात ती मिनिटं अशी गेली की जणू कुणाला घड्याळ नकोच होतं. ते सुजाताला मिळालं. अवाच्या सवा किमतीला, पण मिळालं.

पार्सल माझ्या दुकानी आलं. न्यायला सुजाता आली नाही. वाळूजच्या कंपनीचा शर्ट घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, साळवेंचं घड्याळ. मी हातात दिलं. त्यानं डायल बघितलीच नाही. आधी उलटं केलं, नावावरून अंगठा फिरवला आणि मग स्टुलावर बसला.

मला राहवलं नाही. विचारलं, पलीकडं बहीण आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

"माहीत होतं ना," मिलिंद म्हणाला. "सेकंदकाट्याचा प्रश्न वाचला तेव्हाच कळलं. बाबा म्हणले होते, सुजीला द्या, तिला पेशंटची नाडी बघायला सेकंदकाटा लागतो. दुसरं कोण विचारंल तसं?"

"मग ढकलत कशाला राहिलात?"

"हरवलं मी, काका. अन् पैसे तिनं द्यायचे?" तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, थोडं अजून वाढवलं की ती सोडंल. मग मी घेऊन तिला नेऊन देईन. तिचा आकडा आत बसलाय, हे मला कुठं माहीत."

वाढलेली रक्कम द्यायला तो तयार होता. तिनं घेतली नाही. त्या रविवारी फोनवर ती त्याला एवढंच म्हणाली होती, "दादा, ते मी आहे. थांब आता. अन् काटा दुरुस्त करून तूच घेऊन ये."

मी मागचं झाकण उघडून मशीन बाहेर काढलं. सेकंदकाट्याची कडा जरा वाकून मिनिटकाट्याला घासत होती. चिमट्यानं सरळ करायचं काम, पाच मिनिटांचं. नावाला धक्का न लावता झाकण बसवलं, चावी दिली. काटा पूर्ण फेरी मारून आला. मिलिंदनं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि काट्याकडं बघत बसला. काहीतरी मोजत असावा. मी दुसरं काम हातात घेतलं.

लिलावात जुनं घड्याळ घ्यायचं असेल तर डायल बघा, मशीनचा फोटो मागा, मोठा आकडा शेवटच्या मिनिटापर्यंत खिशात ठेवा. आणि घड्याळ घरचंच असेल, तर बोली लावण्याआधी घरी एक फोन करा. या शेवटच्या सल्ल्याचं मी कमिशन घेत नाही. ऐकतही कुणी नाही.