वरच्या मजल्यावरून आलेला आईचा आवाज

त्या सकाळी मी देवापुढे बसून गंध उगाळत होतो आणि आईचा आवाज आला... वरच्या मजल्यावरून.

आई होती गावी, यमाईच्या औंधला. दर गुरुवारी सकाळी ती तिथल्या बूथवरून फोन करायची. आमच्याच गॅलरीत वंदना, माझी बायको, फोन कानाला लावून तिच्याशी बोलत होती. मग आई वरून कशी बोलेल?

नव्व्याण्णव साल असेल. सांगलीतला आमचा पहिला फ्लॅट, भाड्याचा, दोन खोल्यांचा. फौजेतल्या चुलतभावाने त्याचा जुना कॉर्डलेस फोन मला दिला होता. मीच तो जोडला, एरियल खिडकीत उभी केली. बिनवायरचा फोन घरभर फिरवता येतो, याचं मला कोण कौतुक...

लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वंदनाचे डॉक्टरांकडे उपचार चालू होते आणि ते आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पण महिन्यापूर्वी वरच्या काकूंच्या मुलीचं डोहाळेजेवण झालं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलावणं, वंदनाला नाही. जिन्यात काकूच तिला म्हणाल्या, "तुझं डॉक्टरांचं चालू आहे ना गं, उगाच वाईट वाटायला नको."

मी वंदनावरच भडकलो. घरातलं बाहेर सांगतेस म्हणालो. तिने यमाईची शपथ घेतली, तीही मी खरी मानली नाही... आणि रोज पूजा मात्र करत होतो.

त्या सकाळी आईचा आवाज वरून म्हणत होता, "रडू नगंस पोरी. म्या यमाईला ओटी बोललीय." मागोमाग बायकांचं हसणं.

गंधाच्या बोटांनीच वर गेलो. दार उघडं. टेबलावर ट्रान्झिस्टर, भोवती काका, काकू आणि शेजारच्या दोघीजणी, हातात चहाचे कप. आमचा फोन त्यांच्या रेडिओवर लागत होता!

"अहो, बातम्या लावताना काटा शेवटाला गेला की आपोआप लागतं," काका म्हणाले.

"मग मागं फिरवता येत नव्हता?"

"रागावता काय असे," काकू म्हणाल्या, "लय गोड बोलत्यात तुमच्या आई."

आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. दर गुरुवारी ही माणसं माझ्या बायकोचं रडणं चहाबरोबर ऐकत होती...

खाली आलो, फोन उपसून माळ्यावर टाकला, जुना वायरचा जोडला. वंदनाला सगळं सांगितलं, वरच्यांना भरपूर शिव्या घातल्या. फक्त 'माझं चुकलं' एवढं म्हणालो नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

पुढे मुलगी झाली. आई गेली. परवा त्याच मुलीने घरात वायफाय बसवलं. "बाबा, पासवर्ड अवघड ठेवा, नाहीतर शेजारचे वापरतील," म्हणाली आणि मला तो ट्रान्झिस्टर आठवला. राग पुन्हा तसाच उसळला... पण त्यातला निम्मा काकूंवरचा नव्हताच, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

आज सकाळी पूजा अर्धी टाकून उठलो. वंदना कणीक मळत होती. म्हणालो, "तेव्हा तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं."

तिचे हात थांबले.

"आत्ता व्हय..." म्हणाली. "जावा, देव खोळंबलेत."