सरांची सायकल आणि सिस्टर

बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची सिस्टरांना सवय होती. भाजी घेताना, गेटपाशी गप्पा मारताना, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण घेताना त्यांची बोटं आपोआप नाडीवर जात. आपण आपलं बोलत राहायचं. मध्येच त्या म्हणत, "झोप झालेली दिसत नाही." आणि ते खरं असे.

देवळाली कॅम्पजवळच्या आमच्या कॉलनीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टर. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते सर. तुमच्याही गल्लीत असं एखादं जोडपं असेल, ज्यांची खरी नावं फक्त पोस्टमनला ठाऊक असतात.

"आधी साधं बघू" हे सिस्टरांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझ्या आईला सकाळपासून गरगरत होतं. आम्ही घाबरून मोठ्या डॉक्टरांकडे न्यायची तयारी केली. सिस्टर आल्या, आईकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, हा चष्मा कुणाचा?" चष्मा माझ्या वडिलांचा होता.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गिअरची सायकल घेतली. हँडलवर काडेपेटीएवढं बिनतारी मीटर बसवून घेतलं. त्याचा सेन्सर पुढच्या चाकाच्या चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर असतो. स्पोकवर एक छोटं चुंबक. चाक फिरलं की चुंबक सेन्सरजवळून जातं आणि वर वेग, आजचं अंतर, एकूण अंतर असे आकडे दिसतात. सर रोज पहाटे भगूरपर्यंत जाऊन येत, सुट्टीला पांढुर्लीच्याही पुढे. परत आले की येईल-जाईल त्याला एकूण अंतराचा आकडा दाखवत. आम्ही त्यांना बघून थोडे हसायचो.

मग सरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उरला फक्त एक हुंकार, तो हो म्हणूनही आणि नाही म्हणूनही. व्हरांड्यात खुर्चीवर बसून ते भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे बघत राहायचे. वॉकर धरून चालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते त्याला हात लावत नसत.

एके सकाळी सिस्टर सीट खाली करून त्या सायकलवर बसल्या. शाळा सुटल्यापासून त्या सायकलवर बसल्या नव्हत्या. गल्लीच्या टोकापर्यंत डुगडुगत गेल्या, एका कंपाउंडला घासून परत आल्या. मीटर काढून त्यांनी सरांच्या डोळ्यांसमोर धरलं. एकूणचा आकडा किंचित वाढला होता. सरांनी तो वाचला, बराच वेळ वाचला, आणि डावा हात वॉकरकडे केला.

तेव्हापासून दोघांत तसा करारच झाला. सिस्टरांनी सायकल चालवायची, आकडा दाखवायचा, मग सरांनी व्हरांडाभर चालायचं. वर्षभरात सिस्टर आरामात भगूरला जाऊन येऊ लागल्या. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर सरांचं थोडं सैल हेल्मेट. मीटरमधला आकडा आता दोघांचा होता. त्यातले सरांचे किती आणि सिस्टरांचे किती, हे मीटरला सांगता येत नव्हतं आणि त्यांनाही वेगळं करायचं नव्हतं.

ते मीटर एक दिवस बंद पडलं.

मी पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळतो. तापमानाचे सेन्सर बिघडले की ते माझं काम. हे सिस्टरांना माहीत होतं. रविवारी सकाळी त्या गेटशी आल्या. चेहरा उतरला होता. मीटर काही दिवसांपासून वेग शून्य दाखवतंय, एकूणचा आकडा वाढतच नाही, त्यामुळे सर वॉकरला हात लावत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्या वॉकर पुढे करत, सर तो हाताने झिडकारत. "त्यांना वाटतंय मी गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "गल्लीच्या टोकाला थांबून परत येते असं वाटतंय. पाय आखडायला लागलेत, भाऊ. पुन्हा जाग्यावर बसले की मग उठणं नाय होत."

मी माझी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या व्हरांड्यात गेलो. सर खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हुंकार दिला.

सिस्टर म्हणाल्या, आधी साधं बघू. मीही तेच करणार होतो. मीटर सुरू होतं, घड्याळ चालत होतं, एकूणचा आकडा दिसत होता. म्हणजे वरचा भाग ठीक. सेन्सर उघडून सेल तपासला, तो जरा उतरलेला वाटला. बाजारातून नवीन आणला, बसवला, चाक फिरवलं. शून्य. सेलच्या खालची धातूची पट्टी घासून साफ केली. शून्य. बिनतारी उपकरणांना जवळच्या दुसऱ्या लहरी त्रास देतात, म्हणून सिस्टरांनी घरातलं वायफाय बंद केलं, मोबाइल आत ठेवले. मी सायकल पार समोरच्या मोकळ्या मैदानात नेऊन फिरवून आणली. तरी शून्य. स्पोकवर चुंबक आहे ना हेही बघितलं. होतं.

आता एकच उपाय उरला होता. दोन्ही बटणं दाबून धरायची, म्हणजे मीटर सगळं विसरतं आणि सेन्सरला नव्याने शोधतं. मी तसं सांगितलं.

"आणि एकूणचा आकडा?" सिस्टरांनी विचारलं.

"तो जाईल. पण आधी कागदावर लिहून ठेवू की."

"कागदावर मी काहीही लिहू शकते, भाऊ. त्यांना ते माहीत आहे."

पण मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, दाबा. चालणं महत्त्वाचं. आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

मी मीटर हातात घेतलं तेवढ्यात सरांनी खुर्चीचा दांडा थाडथाड बडवला. सिस्टर धावल्या. पाणी दिलं, त्यांनी तोंड वळवलं. आत जायचंय का विचारलं, नुसता हुंकार आला. सर डावा हात सायकलकडे करून तळवा उलटा-सुलटा करत होते. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

सायकल उलटी करा म्हणत असतील असं मला वाटलं. आम्ही ती सीटवर उभी केली. सर चिडले. सायकल सरळ केली, तरी हात तसाच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग सिस्टर त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. त्यांच्या हाताकडे बघणं सोडून त्यांची नजर जिथे होती तिथे बघू लागल्या. सरांची नजर पुढच्या चाकावर होती.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "सेन्सर डावीकडे आहे. चुंबक कुठल्या बाजूला आहे?"

चुंबक उजवीकडे होतं. ते स्पोकवर आहे एवढं मी बघितलं होतं, कुठल्या अंगाला आहे ते नाही. पुढचं चाकच उलटं बसलं होतं. मागच्या आठवड्यात पंक्चर झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून सिस्टरांनी चाक स्वतः काढलं होतं आणि मोठ्या अभिमानाने स्वतःच परत लावलं होतं.

चाक काढून फिरवून बसवायला मला फार वेळ लागला नाही. सिस्टरांनी त्याला हाताने झटका दिला. शून्याच्या जागी आकडा आला, वाढला, चाक मंदावलं तसा कमी झाला. सर हसले. त्यांचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर यायचं, पण त्या दिवशी तेवढ्याने सगळा व्हरांडा भरला. सिस्टरांनी ओढणी तोंडाशी धरली. त्या हसत होत्या की रडत होत्या, मी बघितलं नाही. मी पेटी आवरत बसलो.

सरांनी वॉकरकडे हात केला. सिस्टर म्हणाल्या, "थांबा. आधी मी जाऊन येते. करार म्हणजे करार." हेल्मेट चढवून त्या गेल्यासुद्धा. त्या येईपर्यंत मी सरांजवळ बसलो. नंतर सर व्हरांडा ओलांडून, पायरी उतरून, आंब्याच्या झाडापर्यंत चालले.

संध्याकाळी सिस्टर डब्यात थालीपीठं घेऊन आमच्याकडे आल्या. बसल्या, पण डबा हातातच धरून ठेवला. बायकोने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इतके दिवस मला वाटत होतं, ते वॉकर झिडकारतायत. माझ्यावर रागावलेत. हाताची तीच खूण होती हो. ते रोज मला सांगत होते चाक उलटं आहे म्हणून." मग स्वतःशीच म्हणाल्या, "रागावले नव्हते." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमच्याकडे पोटभर जेवल्या.

त्यानंतर घरात एक बदल झाला. सरांच्या हुंकारावर सिस्टर लगेच काही आणून देत नसत. आधी त्यांच्या शेजारी बसायच्या आणि ते बघतायत तिकडे बघायच्या. पुष्कळ वेळा गोष्ट क्षुल्लक निघे. झाडावर नवी साळुंकी आलेली असे.

मागच्या हिवाळ्यात ते दोघं घोटीला लेकीकडे राहायला गेले. तिचं घर तळमजल्यावर, पायऱ्या नाहीत, शेजारी दवाखाना. कॉलनी निरोप द्यायला गेटशी जमली. टेम्पोत कपाट चढलं, पलंग चढला, गाद्या चढल्या. सरांना आम्ही उचलून ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि पट्टा लावला. सायकल चढवायला गेलो तर सिस्टरांनी हँडल सोडलं नाही. भगूर, पांढुर्ली करत त्या सायकलवर घोटीला जाणार होत्या. ड्रायव्हरने सरांकडे बघितलं. सरांनी हुंकार दिला. तो हो म्हणून होता, हे आता आम्हालाही कळत होतं.

सगळ्यांना जयभीम करून सिस्टर पुढे निघाल्या. त्यांच्या मागोमाग, एवढ्या सामानाचा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता, सायकलच्या वेगाने गल्लीबाहेर पडला.