पाचपेक्षा कमी

छापलेल्या कुठल्याही अक्षरावर टेस्टरकाकांचा विश्वास नव्हता. अपवाद फक्त स्वतःच्या लग्नपत्रिकेचा, आणि तिथेही मुहूर्त चार मिनिटं उशिरा लागला होता, हे ते काकूंना म्हातारपणीसुद्धा ऐकवत. बाकीची माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात. हे टेस्टर लावायचे, तारेत करंट आहे की नाही ते दाखवणारा, पिवळ्या मुठीचा. जन्मभर विजेचे मीटर तपासायची नोकरी केली, निवृत्त झाले, आणि इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन उरलेलं जग तपासायला लागले.

दोऱ्याच्या रिळावर शंभर मीटर लिहिलंय? काका तो जिन्यातून खाली सोडून मोजणार. काडेपेटीत पन्नास काड्या? ओतून बघणार, आणि सत्तेचाळीस निघाल्या की असे खुलणार, जसा काही घरात नातू झालाय. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. उदबत्तीच्या पुड्यावर 'पंचेचाळीस मिनिटे' असं छापलेलं. गुरुजी कथेत साधुवाण्यापर्यंत पोचले आणि मागून काकांचा आवाज आला, "एकतीस मिनिटांत विझली. लिहून ठेवा, बाई." मी शाळेत शिकवते, म्हणून मी बाई. गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ती फुंकर मारून विझवली.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला चांगली शिकवली, ते नाकारत नाही. स्वयंपाकघरातला स्विच बिघडला होता. मी तारेला टेस्टर लावला, त्यातला दिवा पेटला नाही, म्हणून खुशाल तार धरायला निघाले. काकांनी हात झटकला. "आधी टेस्टर चालू पॉइंटला लावून बघा. तिथे पेटला तर मग त्याच्यावर विश्वास ठेवा. टेस्टरच मेलेला असला, तर तार मेली समजून तुम्ही मराल." हे वाक्य ते दूधवाल्यापासून स्वतःच्या जावयापर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. जावई येणं कमी झालं होतं, त्याचं कारण हे असावं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी लेझर पॉइंटरची साथ आली. बोटाएवढी नळी, बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. काकांनी शालिमार चौकातल्या फुटपाथवरून एक आणला. खोक्यावर ताकद पाच मिलिवॅट, पल्ला एक किलोमीटर. झालं. जुन्या कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी उचकटून त्यांनी ती आपल्या मीटरला जोडली, तिच्यावर ठिपका पाडला आणि निकाल दिला, "दोनच्या वर जात नाही. चोर आहे लेकाचा."

दुसऱ्या दिवशी स्वारी विक्रेत्याकडे. मी आणि माझा नवरा मुद्दाम बरोबर गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो? विक्रेत्याने खोकं फिरवून आकड्याच्या आधीची बारीक खूण दाखवली. "काका, हे बघा. पाच नाय लिहिलेलं, पाचपेक्षा कमी लिहिलंय. मग कमीच येणार ना." काकांनी खोकं डोळ्यांशी नेलं, तिरकं धरलं, परत डोळ्यांशी नेलं. मग म्हणाले, "कमी म्हणजे किती कमी? शून्यसुद्धा पाचपेक्षा कमीच असतं." तो बिचारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

राहिली पल्ल्याची परीक्षा. दिवेलागणीला आम्ही तिघं गच्चीवर गेलो. समोर शेजारच्या सोसायटीची पांढरी पाण्याची टाकी, फार तर दीडशे पावलांवर. काकांनी बटण दाबलं. टाकीवर मधोमध ठिपका, टिकली लावल्यासारखा स्वच्छ. काका मान इकडे करतात, तिकडे करतात. "कुठंय? तुम्हाला दिसतो?" नवऱ्याने मला डोळा मारला. मी म्हटलं, "नाही बुवा, काका." तो म्हणाला, "टाकी दिसते तेवढी."

जिना उतरताना आम्ही पोट धरून हसलो. काका मात्र पेटले. तक्रार अर्ज, स्मरणपत्र, नवे सेल, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी गच्चीवरून हाक. आम्ही जायचो, ठिपका बघायचो आणि "नाही" म्हणायचो. वर्षभर चाललं हे. आमच्या संसारात तेव्हा एवढी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती.

मधे एकदा काकू चहा पिताना म्हणाल्या, "हे हल्ली दाराच्या चौकटीला आपटतात गं. डोळे दाखवून या म्हटलं, तर म्हणतात, माझ्या डोळ्यांना काय झालंय? ठिपका बाईंनाही दिसत नाही." मी ऐकलं. आणि काय केलं? चहा संपवला. खरं बोलायचं तर वर्षभराची थट्टा कबूल करावी लागली असती, आणि मला माझ्या अब्रूची काळजी त्यांच्या डोळ्यांपेक्षा जास्त होती.

शेवटी काका रिक्षाखाली येता येता वाचले, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेलाच, दुसऱ्यात कवडसा उरलेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. सोसायटीत सगळ्यांनी लेझरवर खापर फोडलं. काकांनी ते साफ उडवून लावलं. "त्यात तेवढी ताकद असती, तर भांडण कशाला होतं?"

मुलगा सिन्नरला कारखान्यात होता, तो दोघांना घेऊन जायला आला. मी निरोप द्यायला वर गेले. काकांनी चाचपडत माझ्या हातात पॉइंटर ठेवला. "सेल नवे आहेत. जिन्यातल्या भिंतीवर मारा. दिसतो?"

"दिसतो, काका."

"टाकीवरही दिसायचा ना?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसणार नाही, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग कसंबसं "हो" म्हटलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"चूक माझीच, बाई," काका म्हणाले. "वर्षभर तुम्हा दोघांना टेस्टर म्हणून वापरलं. आधी चालू पॉइंटला लावून बघायचं राहिलं."