कॉलरच्या आतले टाके

वस्तीत तिला सगळे टाकेबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती, कारण बाईच्या नाकावर राग आणि हातात कायम तापलेली इस्त्री. तिची लाँड्री म्हणजे एक खोली, मागे दोन हौद आणि वर वाळत घालायची गच्ची. तिथून सव्वीस वर्षांत एकही कपडा हरवला नव्हता. इतर लाँड्रीवाले कपड्यावर शाईने नंबर घालतात, तो पुढेमागे फिका पडतो. ही कॉलरच्या आत, दुमडीखाली, रंगीत दोऱ्याचे टाके घालायची. प्रत्येकाची खूण वेगळी: कुणाचे दोन लाल नि एक हिरवा, कुणाचे तीन पिवळे. भिंतीवर मांजरपाटाची लांबलचक पट्टी टांगलेली असायची. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची खूण आधी पट्टीवर घालायची, आणि शेजारी त्याने आपल्या हाताने नाव नि तारीख लिहायची. "मी लिहिलं तर उद्या म्हणाल, हे मी नव्हेच," असं ती सांगायची. तिचा माणसांपेक्षा टाक्यांवर जास्त भरवसा होता.

वय झालं तसं तिला सुईचं नेढं दिसेना. चष्मा लावायचा नाही हा हट्ट. मग धाकटा भाऊ रोज संध्याकाळी तिला दहा-बारा सुया ओवून द्यायचा, दुसऱ्या दिवसापुरत्या. तो पलीकडच्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. एका संध्याकाळी भाऊ तिच्यासमोर सुई घेऊन बसला आणि दोरा नेढ्याभोवती नुसता नाचत राहिला.

"काय रे, पिऊन आलास?"

"नाही गं ताई. हात ऐकत नाहीत. महिना झाला."

"मग महिनाभर सुया कोण ओवत होतं?"

"तुझी भावजय. घरून ओवून आणायचो, खिशाला टोचून."

टाकेबाईने हातातली इस्त्री उभी केली. भावाच्या पोटात कळा यायच्या, हे तिला ठाऊक होतं. बाहेरचं अरबटचरबट खातो म्हणून तिने त्याला शंभरदा झापलंही होतं. आता तिला भट्टीवरचे निळे शर्ट आठवले. ते तिच्याकडेच धुवायला यायचे. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, आणि ज्याला त्याला आपलाच परत हवा. म्हणून त्यांच्याही कॉलरमागे टाके होते. भट्टीवरच्या शिशाच्या धुळीने त्या शर्टांचं पाणी राखाडी निघायचं. ते पाणी तिच्याच हौदातून गटारात जायचं, गटारातून ओढ्यात, आणि ओढ्यात वस्तीतली पोरं डुंबायची. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. दुसऱ्या दिवशी तिने भट्टीची धुणी बंद केली.

नुसतं बंद करून भागणार नव्हतं. तिच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या. स्टार्च कमी पडला की भांडायला हजर. त्यांना टाकेबाईने सगळं सांगितलं. मग या दोघी, एक तिखट आणि दुसरी तिच्याहून तिखट, दीड वर्ष दारोदार फिरल्या. कुणाच्या पोटात कळ येते, कुणाचा हात थरथरतो, कुणाचं पोर वर्गात पेंगतं, सगळं लिहून घेतलं. ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरलं. सरकारी दवाखान्यात चकरा मारून मारून लोकांचं रक्त तपासून घेतलं. भट्टीवरच्या एक्केचाळीस माणसांच्या रक्तात शिसं निघालं, आणि त्या यादीत भाऊ होता.

दोघींनी ती यादी जोडून सरकारकडे तक्रार केली, तर कारखान्याने कानांवर हात ठेवले. ही माणसं आमची नव्हेतच, भट्टीवर त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. हजेरीपट? तो गळक्या छपराखाली भिजून गेला. तपासणी होणार म्हणताच त्या एक्केचाळीस जणांचे शर्ट काढून घेऊन त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं. वर टाकेबाईच्या दारात कपडे धुवायची दोन कोरी यंत्रं येऊन उतरली. तिने ती उतरवणाऱ्यांकडूनच परत चढवून घेतली आणि म्हणाली, "साहेबाला सांगा, आधी स्वतःचे हात धुवून बघा यात."

पण खरी पंचाईत पुढेच होती. माणसं कारखान्याची ठरली नाहीत, तर उपचार कोण करणार? औषधाचा कोर्स लांबलचक होता. उशीर झाला तर हात कायमचे जातील, असं डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितलं होतं. पट्टीवर एक्केचाळीस जणांची नावं होती, पण कुणीही कुणाचेही कपडे धुवायला टाकू शकतं, असं कारखान्याचा वकील म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

शेवटची सुनावणी होती. लाकडी बाकं, वर करकरणारा पंखा, समोर चौकशी अधिकारी बाई. कारखान्याचे मॅनेजर आज खुशीत होते. त्यांनी गठ्ठा सोडून तीस निळे शर्ट टेबलावर रचले. "हे आमच्या कायम कामगारांचे, थेट भट्टीवरचे. बघा मॅडम, एक डाग नाही. धूळ असती तर दिसली नसती का?"

टाकेबाईचं लक्ष वरच्या शर्टाच्या कॉलरकडे गेलं. दुमडीतून दोऱ्याचं टोक डोकावत होतं. ती बाकावरून उठली.

"मॅडम, कॉलर उलटून बघता का जरा?"

अधिकारी बाईंनी कॉलर उलटली. दोन पिवळे, एक लाल, दोन पिवळे.

टाकेबाईने पिशवीतून पट्टी काढली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली. सोबत आलेल्या रसायनाच्या शिक्षिकाबाईंनी बोट ठेवलं. दोन पिवळे, एक लाल, दोन पिवळे. शेजारी भावाचं नाव, त्याच्याच अक्षरात, सहा वर्षांपूर्वीची तारीख.

"शर्ट तुमच्या भट्टीवरचा, असं तुम्हीच म्हणालात," टाकेबाई मॅनेजरना म्हणाली. "यातला माणूस कुणाचा?"

अधिकारी बाई एकेक कॉलर उलटत गेल्या. तीसच्या तीस शर्टांत टाके, आणि तीसही नावं त्या एक्केचाळिसांतली. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! जन्मात कधी स्वतःची कॉलर उलटून न पाहिलेल्या माणसाला काढून घेतलेले शर्ट धुवून आणायचं सुचलं, पण कॉलरच्या आत बघायचं सुचलं नाही.

"आणि डागाचं म्हणाल," टाकेबाई थांबायला तयार नव्हती, "तर खिशाची शिवण उसवा. धुण्यात तिथलं कधी जात नाही, मला विचारा."

शिपायाने कात्री आणली. शिवणीतून चिमूटभर राखाडी भुकटी कागदावर पडली. ती पुडीत बांधून, सही-शिक्का करून प्रयोगशाळेत गेली, आणि अहवालात शिसंच आलं.

महिन्याभरात निकाल लागला. भट्टीला सील. ओढा साफ करायचा तो कारखान्याने. वस्तीतल्या पोरांची तपासणी आणि सगळ्या एक्केचाळीस जणांचा उपचारही त्यांनीच करायचा. निकालात प्रत्येकाचं नाव होतं, नावापुढे 'कामगार' असं लिहिलेलं. भावाने तो कागद लाँड्रीच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचला. कागद थरथरत होता, पण आवाज अजिबात नाही. कुणीतरी "टाकेबाई झिंदाबाद" अशी आरोळी ठोकली. तोंडावर! तिने इस्त्री उचलली खरी, पण रागावणं काही जमलं नाही. ती ढसाढसा रडली आणि मग सगळ्यांना चहा पाजला.

या सगळ्या काळात सुया तिने दुसऱ्या कुणालाही ओवू दिल्या नव्हत्या. डोळे बारीक करून, शिव्या घालत, एकेका सुईला पाव-पाव तास लावत तिने स्वतःच ओवल्या. भावजयीने चारदा विचारलं, तर म्हणाली, "ते काम ज्याचं आहे तो येईल."

औषधं सुरू होऊन पाच महिने झाल्यावर एका संध्याकाळी भाऊ आला, आणि सुई नि पिवळा दोरा घेऊन दिव्याखाली बसला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा हुकला. टाकेबाई मुद्दाम पाठ करून एकाच शर्टाला पुन्हा पुन्हा इस्त्री करत राहिली.

"ताई, घे," भाऊ म्हणाला.

तिने सुई उजेडात धरली. दोरा नेढ्यातून आरपार गेला होता.

"एकच?" ती म्हणाली. "उद्याला बारा लागतात."