सुतार संत आणि सुताराचा खांदा

संतांचे सण वर्षाला येतात तरी किती, आणि प्रत्येक सणाला आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये काहीतरी घडायचंच! एकोणीसशे तीसनंतरचे तर इतके किस्से साठलेत की एक सांगायला घ्यावा तर कोणीतरी मध्येच म्हणतं, "अरे, तो घड्याळाचा सांग!" सांगतो. तुम्हाला हसायचं तर हसा. मला आता फारसं हसू येत नाही.

*

आमची सिन्नरकडची, गावकुसाबाहेरची सात घरं. बाप्तिस्मा झाला नेमका संत जोसेफच्या सणाला. गोऱ्या फादरांनी उत्साहाच्या भरात सातही बाप्यांना एकच नाव दिलं, जोसेफ! हाक मारली की सात मुंड्या वळायच्या. माझे बाबा मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकलेले, म्हणून ते सुतार जोसेफ. बाकी सहा जण जुन्या मंडळींच्या तोंडी नुसते "तिकडचे जोसेफ". जुनी मंडळी म्हणजे गोव्याकडून आलेली घराणी.

*

हरवलेलं शोधून देणारा संत अँथनी. त्याच्याच सणाला लॉरेन्सबाबचं सोन्याचं घड्याळ हरवलं! हे जुन्या मंडळींचे म्होरके. प्रार्थना सगळ्यांनी केली, खिसे मात्र फक्त आमचे तपासले. घड्याळ निघालं त्यांच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरातून. "चमत्कार!" म्हणत लॉरेन्सबाबनी मोठी मेणबत्ती लावली. आम्हाला साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

*

संत ॲनच्या सणाला फादर प्रवचनात म्हणाले, "स्वर्गात पुढचे बाक, मागचे बाक असं काही नाही."

मागच्या बाकावरून आमची सोनाआत्या उठली. "मंग फादर, पुढं बसाया आधी मरावं लागंल व्हय?"

फादरांनी घाईघाईने गाणं सुरू करायला लावलं.

*

संत जोसेफ स्वतः सुतार. त्याच्या मिरवणुकीची पालखी बाबांनी सागवानात घडवली, चार कोपऱ्यांना चार दांडे. खांदा मात्र जुन्या मंडळींचाच. बाबा दरवर्षी विचारायचे, "एकदा मला लावू द्या की!" उत्तर ठरलेलं, "बघू पुढल्या वर्षी."

एका वर्षी ऐन वेळी एका खांदेकऱ्याचा पाय मुरगळला. दुसरं कोणी मिळेना, म्हणून बाबांना बोलावलं! मिरवणूक संपली तेव्हा बाबा रडत होते. त्यांना इतकं सुखात मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लॉरेन्सबाब दारात. "जोसेफ, रंधा घेऊन ये. काल तू खांदा लावलास तो दांडा वरून जरा तासून टाक. आमचे लोक त्याला खांदा लावायला तयार नाहीत."

बाबा रंधा घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. बाबांनी तो दांडा तासला. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

"अरे, एकच सांगितला होता!" लॉरेन्सबाब ओरडले.

बाबांनी रंधा चौथ्या दांड्यावर ठेवला. "चारही मीच घडवलेत, बाब."